एस लावायचा की नाही? इंग्लिशमधल्या एकवचन-अनेकवचनाची तीच तीच चूक कशी थांबवायची

शब्दाचं अनेकवचन करायला सगळ्यांनाच येतं. बॉक्स-बॉक्सेस, बेबी-बेबीज, चाइल्ड-चिल्ड्रन हे शाळेत पाठ करून घेतलेलं असतं, परीक्षेत त्याचे मार्कही मिळालेले असतात, आणि तरी मेल लिहायला बसलं की 'वन ऑफ माय फ्रेंड', 'सम इन्फर्मेशन्स', 'आय लाइक टू रीड बुक' यातलं काहीतरी सुटतंच. कोणी दाखवून दिलं की लगेच कळतं कुठे चुकलंय, दुरुस्त पण होतं, आणि पुढच्या मेलमध्ये दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत परत तेच. यात अभ्यास कमी पडला असं काही नसतं, एस कसा लावायचा हे शिकवलेलं असतं पण कधी लावायचा हे कोणी नीट बसून सांगितलेलं नसतं.

शाळेतला नियम काय, तर वस्तू एक असेल तर एकवचन आणि जास्त असतील तर अनेकवचन. आता 'मला पुस्तक वाचायला आवडतं' हे वाक्य घ्या. यात पुस्तकं किती? एकही नाही, दहाही नाहीत, मोजायचा प्रश्नच आलेला नाही, आपण फक्त आवड सांगतोय. म्हणजे तो नियम इथे गप्प बसतो आणि मग आपण मराठीत जे आहे तेच उचलून ठेवतो, 'बुक'. इंग्लिशमध्ये मात्र तिथे 'बुक्स'च पाहिजे. बहुतेक चुका अशाच जागी होतात. तीन खुर्च्यांना 'थ्री चेअर' म्हणणारे त्यामानाने कमी, आकडा समोर दिसला की एस आठवतो, आकडा नसला की हरवतो.

आधी कारण समजून घेऊ कारण उपाय त्यातच आहे

मराठीत अनेकवचन आहे आणि चांगलं भरभक्कम आहे, रस्ता-रस्ते, गोष्ट-गोष्टी, घर-घरं. पण पुल्लिंगी शब्द आकारान्त नसला तर तो जसाच्या तसा राहतो. एक मित्र चार मित्र, एक प्रश्न दहा प्रश्न, एक शब्द हजार शब्द. मग अनेकवचन आहे हे कळतं कशावरून, तर आजूबाजूच्या शब्दांवरून. 'माझा मित्र आला', 'माझे मित्र आले'. माझा बदलला, आला बदलला, मित्र तिथेच. इंग्लिशमध्ये याच्या बरोबर उलट, 'माय फ्रेंड केम', 'माय फ्रेंड्स केम', माय तसाच, केम तसाच, सगळा भार त्या एका एसवर. आपल्या कानाला शब्दाच्या शेपटाकडे बघायची सवयच कमी, त्यामुळे तो एस लिहिताना निसटतो आणि वाचून बघताना पण निसटलेला दिसत नाही. त्यात भर म्हणजे इंग्लिशमधून आलेले शब्द आपण मराठीत एस न लावताच वापरतो, दोन पेन, तीन मेल, चार फोन, आणि इंग्लिश लिहिताना तेच 'थ्री मेल' होऊन बसतं.

पण मराठीतच एक जागा अशी आहे की जिथे एकवचन-अनेकवचन लपूच शकत नाही, ती म्हणजे विभक्ती लागली की. मित्राला, मित्रांना. प्रश्नाचं, प्रश्नांचं. शब्दात, शब्दांत. तो अनुस्वार आला की अनेकवचन. हे हातात असलेलं हत्यार आहे आणि मला वाटतं ते जवळजवळ कोणीच वापरत नाही. इंग्लिश वाक्यात अडकलात तर तो शब्द मराठीत घ्या, त्याला 'ला/ना' किंवा 'पैकी' लावा आणि मोठ्याने म्हणा. मोठ्यानेच म्हणा, कारण टाइप करताना आपण अनुस्वार सर्रास खातो.

'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक याने कायमची जाते. आपल्या डोक्यात असतं 'माझा एक मित्र', त्यात मित्र एकवचनी आहे, म्हणून 'फ्रेंड'. पण 'वन ऑफ माय' म्हटलं की मराठी होतं 'माझ्या मित्रांपैकी एक'. मित्रापैकी एक असं कोणी म्हणेल का? नाही. म्हणून 'फ्रेंड्स'. आणि क्रियापद त्या एकाचं, 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज कमिंग'. 'वन ऑफ द बेस्ट', 'ईच ऑफ द', 'सम ऑफ द', 'नन ऑफ द' सगळ्यांना हीच परीक्षा लावा. 'सम ऑफ द वॉटर' ला पण लागते, पाण्यापैकी थोडं, अनुस्वार नाही, एस नाही.

सगळ्यात मोठं दुखणं: उघडं नाम

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, बाकी सगळं मागाहून आलं तरी चालेल. इंग्लिशमध्ये मोजता येणारं नाम एकवचनात असेल तर ते उघडं राहू शकत नाही. त्याच्या आधी अ, ॲन, द, माय, धिस, एव्हरी, वन असं काहीतरी लागतं. आधी काही नसेल तर शेवटी एस लागतो. दोन्ही नसेल तर वाक्य चुकलंय, बहुतेक वेळा डोळे झाकून सांगता येतं.

'आय बॉट कार' चुकलं, 'अ कार' पाहिजे. 'शी इज टीचर' चुकलं, 'अ टीचर'. 'आय लाइक टू रीड बुक' चुकलं, इथे एका विशिष्ट पुस्तकाबद्दल बोलायचं नाहीये म्हणून 'बुक्स'. 'प्लीज चेक अटॅचमेंट' चुकलं, एकच असेल तर 'द अटॅचमेंट', दोन-तीन असतील तर 'द अटॅचमेंट्स'.

आणि ही नुसती ग्रामरची टिकटिक नाहीये, अर्थ बदलतो म्हणून मी एवढं धरून बसलोय. उघडं नाम दिसलं की इंग्लिश बोलणाऱ्याला ती वस्तू न वाटता पदार्थ वाटतो, ज्याचा आकार नाही, जो सुटा मोजता येत नाही असं काहीतरी. 'आय लाइक चिकन' म्हणजे खायला आवडतं, 'आय लाइक चिकन्स' म्हणजे कोंबड्या आवडतात. आता 'आय लाइक डॉग' म्हणणाऱ्याला सांगायचं असतं की मला कुत्रा आवडतो, मराठीत ते अगदी बरोबर वाक्य आहे, पण ऐकणाऱ्याला क्षणभर वाटू शकतं की याला कुत्र्याचं मांस आवडतं. एक एस नसल्यामुळे. 'देअर वॉज ग्लास ऑन द फ्लोअर' म्हणजे जमिनीवर काच सांडलेली होती, पाय जपा, आणि 'देअर वॉज अ ग्लास ऑन द फ्लोअर' म्हणजे जमिनीवर पेला ठेवलेला होता, आणि 'ग्लासेस' म्हटलं तर पेले तरी असतील नाहीतर चष्मा तरी असेल.

असे शब्द खूप आहेत आणि तेच सगळ्यात जास्त गोंधळ घालतात, कारण त्यांना एस लागतो की नाही असा सरळ प्रश्न विचारला तर उत्तर 'कधी लागतो कधी नाही' असंच येतं. पेपर म्हणजे कागद हा पदार्थ, अ पेपर म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध किंवा परीक्षेचा पेपर, पेपर्स म्हणजे ते अनेक किंवा मग कागदपत्रं. टाइम म्हणजे वेळ, थ्री टाइम्स म्हणजे तीनदा. एक्सपीरियन्स म्हणजे कामातून मिळालेला अनुभव, एक्सपीरियन्सेस म्हणजे आयुष्यात आलेले वेगवेगळे प्रसंग, म्हणून बायोडेटात 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स' लिहायचं, तिथे 'एक्सपीरियन्सेस' नाही शोभत. रूम म्हणजे जागा, 'देअर इज नो रूम' म्हणजे जागा शिल्लक नाही, अ रूम म्हणजे खोली. वर्क म्हणजे काम, पण वर्क्स म्हणजे कलाकाराच्या कृती, म्हणून मला दोन कामं आहेत हे 'आय हॅव टू वर्क्स' असं न लिहिता 'टू थिंग्ज टू डू' किंवा 'टू टास्क्स' असं लिहावं लागतं. हेअर म्हणजे डोक्यावरचे सगळे केस मिळून, आणि अ हेअर म्हणजे सुटा पडलेला एखादा.

तेव्हा हा शब्द काउंटेबल, म्हणजे मोजता येणारा, आहे का असं विचारू नका, या वाक्यात, या अर्थाने मी याला सुटा मोजतोय का असं विचारा. फरक छोटा वाटतो पण प्रश्न बदलला की उत्तर सापडतं.

उघडं राहायची परवानगी असलेली काही ठरलेली ठिकाणं आहेत. बाय बस, ऑन फुट, ॲट होम, इन बेड, गो टू स्कूल, फेस टू फेस, डे बाय डे. इथे ती बस किंवा ती शाळा ही वस्तू म्हणून बोलण्यात नाहीच, जायची पद्धत किंवा तिथे चालणारं काम एवढंच बोलण्यात आहे. ही पाठ करावी लागतात, पण यादी फार लांब नाही आणि वाचनातून आपोआप बसतात.

इन्फर्मेशन्स, ॲडव्हायसेस, फर्निचर्स

इथे मला एक गोष्ट खरंच खटकते. सगळे म्हणतात मराठीमुळे इंग्लिश बिघडतं, पण 'इन्फर्मेशन्स' मराठीमुळे नाही झालेलं. मराठीत कोणी दोन माहित्या म्हणतं का? सामानं, ज्ञानं, कचरे असं म्हणतं का? मराठी आपल्याला इथे बरोबर सांगतेय की हे मोजायचे शब्द नाहीत, आपणच तिचं ऐकत नाही. 'सम' दिसला की पुढे एस लावायचा अशी नुसती हाताला सवय लागलेली असते, सम बुक्स, सम पेन्स, मग सम इन्फर्मेशन्स. इन्फर्मेशन, लगेज, नॉलेज, फर्निचर, ट्रॅफिक या सगळ्यांसाठी मराठी शब्द आठवा आणि त्याचं अनेकवचन करून बघा, तोंडाला विचित्र लागलं तर इंग्लिशमध्येही एस लावू नका. बऱ्याच वेळा बरोबर येईल.

पण बऱ्याच वेळा, नेहमी नाही, कारण काही ठिकाणी दोन्ही भाषा खरोखर वेगळ्या वाटेने जातात आणि हीच ठिकाणं वेगळी घोकायची. सल्ले मोजता येतात, ॲडव्हाइस नाही. बातम्या मोजता येतात, न्यूज नाही, आणि त्यात शेवटी एस दिसत असला तरी 'द न्यूज इज गुड'च. पुरावे, पण एव्हिडन्स. दागिने, पण ज्वेलरी. पैसे आले, पण 'द मनी हॅज कम'. माझे केस गळतायत, पण 'माय हेअर इज फॉलिंग आउट', इथे 'हेअर्स आर' हमखास लिहिलं जातं. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ एव्हिडन्स' असं करायचं, एस त्या पीसला लागतो. नॉलेज थोडा वेगळा वागतो, 'अ गुड नॉलेज ऑफ' असं चालतं पण 'नॉलेजेस' काही होत नाही.

आणि उलट्या दिशेने पण आहे. कात्री एक, पण 'द सिझर्स आर शार्प'. चष्मा एक, 'माय ग्लासेस आर ब्रोकन'. पॅन्ट एक, 'माय ट्राउझर्स आर वेट'. पक्कड म्हणजे प्लायर्स, चिमटा म्हणजे ट्वीझर्स. दोन सारखे भाग जोडून झालेली वस्तू असली की इंग्लिशला त्यात दोन दिसतात. एक कात्री म्हणायचं तर 'अ पेअर ऑफ सिझर्स' आणि मग क्रियापद त्या पेअरचं, म्हणजे 'इज'.

ऑफिसमध्ये रोज चुकणारे म्हणजे फीडबॅक, सॉफ्टवेअर, स्टाफ, इक्विपमेंट, होमवर्क, रिसर्च. नेहमीच्या लिखाणात यांना एस लावू नका. सॉफ्टवेअर मोजायचं तर प्रोग्रॅम्स किंवा ॲप्स म्हणा. स्टाफ म्हणजे सगळी माणसं मिळून, एका माणसाला 'अ स्टाफ' म्हणत नाहीत, 'अ स्टाफ मेंबर' किंवा 'अ मेंबर ऑफ स्टाफ'. कोड गंमतशीर आहे, प्रोग्रॅमर लिहितो तो कोड मोजत नाहीत म्हणून 'आय रोट सम कोड', पण डिस्काउंट कोड्स आणि पोस्टल कोड्स मोजतात. ईमेल मोजतात, 'थ्री ईमेल्स' अगदी बरोबर.

शंका आली तर अंदाज करू नका, शिकणाऱ्यांसाठी बनवलेली डिक्शनरी उघडा. साधी डिक्शनरी नाही, लर्नर्स डिक्शनरी. त्यात नामाच्या अर्थाशेजारी सी किंवा यू असं अक्षर असतं, सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल, काही ठिकाणी अक्षराऐवजी तो अख्खा शब्दच लिहिलेला असतो. ही सोय आपल्यासारख्या बाहेरून इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीच आलेली आहे, ए. एस. हॉर्नबी हे इंग्लिश शिक्षक जपानमध्ये शिकवत होते आणि त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश 1942 साली तिथेच छापला गेला, पुढे तोच ऑक्सफर्डने काढला. आता ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिघांच्या अशा डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट बघता येतात. फक्त एक पथ्य पाळा, पहिल्या अर्थाशेजारचं अक्षर बघून बंद करू नका, आपल्या वाक्यात जो अर्थ आहे तिथपर्यंत खाली जा, कारण पेपरच्या एका अर्थाला यू असतो आणि पुढच्या अर्थाला सी.

नाम बरोबर आहे, क्रियापद घसरतंय

'द क्वालिटी ऑफ द फोटोज आर गुड.' हे वाचताना चूक पटकन दिसत नाही. आता मराठीत म्हणा, फोटोंची क्वालिटी चांगली आहे. इथे 'आहेत' असं चुकूनही येणार नाही. का नाही येत? कारण मराठीत मुख्य शब्द, क्वालिटी, क्रियापदाच्या जवळ येतो आणि फोटो आधीच बोलून झालेले असतात. इंग्लिशमध्ये 'ऑफ' मुळे क्रम उलटा होतो, फोटोज क्रियापदाला चिकटतात आणि क्रियापद त्यांच्याकडे ओढलं जातं. इंग्लिश मातृभाषा असलेले लोकही इथे घसरतात, आपल्याकडे मात्र तपासायला मराठी आहे. ऑफवालं वाक्य आलं की ते उलटवून 'ची-चा-चे' करून बघा, कोण उरतं ते दिसेल. वस्तूंची यादी, 'द लिस्ट ऑफ आयटम्स इज'.

यात दोन जागी ही युक्ती चालत नाही. एक, 'अ नंबर ऑफ'. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज 40' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, ती एक आहे. पण 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट' म्हणजे बरेच विद्यार्थी, तिथे संख्येबद्दल बोलणंच नाही. अ की द एवढंच बघायचं. दुसरं, टक्के, अर्धे, बहुतेक, 'मोस्ट ऑफ', 'हाफ ऑफ', '20 पर्सेंट ऑफ', 'अ लॉट ऑफ'. यांच्यात नंतर येणारा शब्द ठरवतो, 'हाफ ऑफ द वॉटर इज', 'हाफ ऑफ द स्टुडंट्स आर'.

'अलाँग विथ' आणि 'ॲज वेल ॲज' ने जोडलेला दुसरा माणूस क्रियापदात धरत नाहीत, 'द मॅनेजर, अलाँग विथ टू असिस्टंट्स, इज कमिंग'. आणि मराठीतला आदर इंग्लिशमध्ये नेऊ नका, बाबा आलेत, सर आलेत हे आपण बोलणारच आणि बोललंच पाहिजे, पण इंग्लिशमध्ये 'माय फादर हॅज कम', तिथे 'हॅव' केलं तर आदर पोचत नाही, फक्त चूक पोचते.

टीम, फॅमिली, गव्हर्नमेंट यांच्यावरून भांडायचं कारण नाही. ब्रिटिश इंग्लिशमध्ये 'द टीम आर' आणि 'द टीम इज' दोन्ही ऐकू येतं, अमेरिकन इंग्लिशमध्ये 'इज'च चालतं. एक धरा आणि त्याच लिखाणात बदलू नका. पोलीस हा शब्द मात्र दोन्हीकडे अनेकवचनी, 'द पोलीस आर', आणि मराठीसारखं 'एक पोलीस' करायचं तर 'अ पोलीस ऑफिसर'.

प्रत्येक आणि सगळे

'एव्हरी स्टुडंट्स' ही चूक दिसायला मोठी आहे पण औषध सोपं आहे, मराठीशी जोडी लावा. प्रत्येक म्हणजे एव्हरी आणि ईच, सगळे म्हणजे ऑल. प्रत्येक मुलगा, सगळी मुलं. इंग्लिशही तसंच. ठळक अपवाद म्हणजे 'एव्हरी टू आवर्स', दर दोन तासांनी.

पाच वर्षांचा मुलगा

इथे मराठी खरंच अडकवते. पाच वर्षांचा मुलगा, दहा मिनिटांचा ब्रेक, दोन तासांची मीटिंग, अनुस्वार सगळीकडे आहे, म्हणून आपण 'टू आवर्स मीटिंग' लिहितो. पण इंग्लिशमध्ये आकडा आणि नाम मिळून दुसऱ्या नामाच्या आधी विशेषण म्हणून बसले की एस गळतो, 'अ फाइव्ह-यीअर-ओल्ड बॉय', 'अ टेन-मिनिट ब्रेक', 'अ टू-आवर मीटिंग'. तेच नामाच्या नंतर आलं की एस परत येतो, 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड', 'द मीटिंग लास्टेड टू आवर्स'. म्हणजे मगाशी दिलेलं अनुस्वाराचं हत्यार इथे खाली ठेवायचं. बघायचं एवढंच की पुढे अजून एक नाम उभं आहे का.

हाच नियम जोडशब्दांनाही आहे. टूथब्रशने एकच दात घासत नाही आपण, शू शॉपमध्ये एकच बूट नसतो, तरी टूथ आणि शू. स्पोर्ट्स शूज, सेल्स टीम, सेव्हिंग्ज अकाउंट, कस्टम्स ऑफिसर हे अपवाद आहेत, आणि त्यात एक धागा दिसतो, यातल्या बहुतेक शब्दांचा एस काढला की अर्थच पळतो. कस्टम म्हणजे रूढी, कस्टम्स म्हणजे जकात.

हंड्रेड, थाउजंड, मिलियन यांना आकडा असला की एस नाही, 'फाइव्ह हंड्रेड पीपल'. आकडा नसला आणि 'ऑफ' असलं की एस, 'हंड्रेड्स ऑफ पीपल'. पाचशे लोक आणि शेकडो लोक.

शून्य आणि दीड

मराठी विचाराने शून्य म्हणजे काहीच नाही, मग अनेकवचन कशाला. पण इंग्लिशमध्ये 'झीरो एरर्स'. आणि '1.5 आवर्स', 'वन अँड अ हाफ आवर्स'. म्हणजे इंग्लिशचा प्रश्न एकापेक्षा जास्त का असा नसून बरोबर एक आहे का असा आहे, नसेल तर एस. 'मोअर दॅन वन' मात्र मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं, अर्थ अनेकांचा पण 'मोअर दॅन वन पर्सन हॅज कम्प्लेन्ड', तो वन जवळ आहे ना. आणि अंतर, वेळ, रक्कम हे एक अख्खं माप म्हणून बोलत असलो तर 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वे', मराठीत तिथे 'हे अंतर' असं आपोआप येतं, ते आलं की 'इज'.

ज्यांना मुळातच एस नाही

शीप, डिअर, एअरक्राफ्ट, सिरीज, स्पीशीज, एक असो की शंभर तसेच. शीप आणि डिअर तर जुन्या इंग्लिशपासून असेच आहेत, तेव्हाच्या एका गटातल्या नामांना अनेकवचनाचा प्रत्यय लागतच नव्हता.

लॅटिन-ग्रीकमधून आलेल्यांनी जास्त त्रास होतो. क्रायटेरिया हे आधीच अनेकवचन आहे, एक असेल तर क्रायटेरियन, त्यामुळे 'क्रायटेरियाज' नको आणि 'अ क्रायटेरिया' पण नको. फिनॉमेनन-फिनॉमेना तसंच. क्रायसिसचं क्रायसीज, ॲनालिसिसचं ॲनालिसीज, लिहिताना एकच अक्षर बदलतं म्हणून नजरेतून सुटतं. डेटा मूळचा अनेकवचनी, पण आता कॉम्प्युटरच्या जगात 'द डेटा इज' सर्रास चालतं, शास्त्रीय लेखात 'द डेटा आर' लागू शकतं, ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांचे आधीचे लेख बघून ठरवा.

दोघं लागतात तिथे एस

हे शिकवताना सुटून जातं म्हणून सांगतो. 'आय मेड फ्रेंड्स विथ हिम.' मैत्री एकाशीच केली तरी फ्रेंड्स, कारण मैत्रीला दोघं लागतात. 'वी शुक हँड्स', 'दे टुक टर्न्स', 'यू हॅव टू चेंज ट्रेन्स', एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचंय म्हणजे गाड्या दोन. तसंच प्रत्येकाचं एकेकच असलं तरी सगळ्यांचं मिळून अनेक धरतात, 'दे रेज्ड देअर हँड्स'. सगळ्यांनी हात वर केले, इथे मराठीत पण अनेकवचनच आहे. पण 'आम्ही विचार बदलला' इथे मराठी एकवचन वापरते आणि इंग्लिश 'वी चेंज्ड अवर माइंड्स' म्हणते.

मेल पाठवायच्या आधी

सगळं लिखाण सगळ्या नियमांनी तपासायला कोणाला वेळ नसतो आणि गरजही नसते. मी इतरांचं लिखाण तपासताना फक्त नामांवर बोट ठेवत जातो, वाक्याचा अर्थ न वाचता, अगदी शेवटच्या वाक्यापासून वर. उलट वाचल्यामुळे गोष्टीत गुंतायला होत नाही आणि शब्दाचं शेपूट दिसतं. प्रत्येक नामापाशी आधी बघायचं की ते उघडं आहे का, उघडं असेल तर या अर्थाने मोजता येतं का, येत असेल तर काहीतरी राहिलंय. निम्म्याहून जास्त चुका इथेच सापडतात. मग 'ऑफ' दिसलं की तिथे थांबून मराठीत उलटवायचं. 'दीज टाइप ऑफ प्रॉब्लेम' सारखी खिचडी पण तिथेच पकडली जाते, एकतर 'धिस टाइप ऑफ प्रॉब्लेम' नाहीतर 'दीज टाइप्स ऑफ प्रॉब्लेम्स'. ऑटो-करेक्ट यातलं थोडंफार पकडतं, पण चिकन आणि चिकन्स दोन्ही बरोबर शब्द आहेत, तुम्हाला कुठलं म्हणायचं होतं हे त्याला नेहमी कळेलच असं नाही.

अभिनंदनाच्या आणि निरोपाच्या या ठरलेल्या शब्दांना मात्र कायम एस असतो, तिथे विचार करायचाच नाही. काँग्रॅच्युलेशन्स, थँक्स, बेस्ट विशेस, बेस्ट रिगार्ड्स. 'काँग्रॅच्युलेशन' आणि 'बेस्ट रिगार्ड' खूप मेलमध्ये दिसतं. फक्त 'विथ रिगार्ड टू' म्हणजे अमुकच्या संदर्भात, तिथे एस नाही, तो रिगार्ड वेगळा आहे.